पत्र्याची शेड : छपराआधी पायाचा विचार

ग्रामीण भागात घराच्या आवारात ट्रॅक्टर, जीप किंवा मोटार उभी असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. लाखो रुपयांचे हे वाहन उन्हापावसात उघड्यावर ठेवणे कोणत्याही कुटुंबास परवडणारे नाही. विटांचे बांधकाम खर्चिक आणि वेळखाऊ असते. यामुळे लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पत्रा टाकण्याकडे सर्वसामान्यांचा कल दिसून येतो. काही दिवसांत उभी राहणारी आणि प्रसंगी सोडवून दुसरीकडे नेता येणारी ही शेड खरोखरच उपयुक्त आहे. तथापि ती विकत घेताना बहुतेक जण पत्र्याचा रंग आणि चौरस फुटाचा दर एवढेच पाहतात. जमिनीखाली काय आहे, याची चौकशी क्वचितच होते.

वारा छप्पर उचलतो

विटांची भिंत स्वतःच्या वजनाने उभी राहते. पत्र्याच्या शेडला असे वजन नसते. ती भाराखाली कोसळण्यापेक्षा वाऱ्याने उडण्याचा धोका अधिक असतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा असंख्य घरांचे व शाळांचे पत्रे उडाले. किनाऱ्यापासून दूर असलेल्या जिल्ह्यांतही एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या वादळात हेच घडते. उडालेला पत्रा केवळ मालकाचे नुकसान करीत नाही. तो रस्त्यावरील माणसांच्या व जनावरांच्या जिवावर बेततो.

वाऱ्याचा जोर किती धरावा, हे भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात सांगितले आहे. २०१५ च्या आवृत्तीनुसार पुणे व नाशिक येथे वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई व नागपूर येथे ४४ मीटर धरला जातो. म्हणजे ताशी सुमारे १४० आणि १५८ किलोमीटर. पुण्याच्या वेगाने येणाऱ्या झोताचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो वजनाइतका होतो. शेडची उंची, छपराचा उतार आणि भोवतालची झाडे-इमारती यांनुसार हा आकडा कमीअधिक होईल. ढोबळ अंदाजासाठी तो तसाच धरू.

बारा फूट रुंद व वीस फूट लांब शेडच्या छपराचे क्षेत्र सुमारे २२ चौरस मीटर असते. त्यास वर उचलणारा जोर या हिशेबाने २ टनांच्या घरात जातो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे एकूण वजन मात्र १०० किलोच्या आसपास भरते. पत्र्यावर चार दगड ठेवण्याची जुनी रीत किती अपुरी आहे, हे यावरून ध्यानात यावे. वादळात असे दगड स्वतःच घातक ठरतात.

पाया किती असावा?

अशा शेडला दोन रांगांत सहा खांब असतील, तर मधल्या दोन खांबांवर प्रत्येकी सुमारे अर्धा टन जोर येतो. एक फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट खोल खड्ड्यातील काँक्रीटचे वजन जेमतेम १०० किलो असते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद व अडीच फूट खोल खड्ड्यातील काँक्रीट सुमारे ६८० किलो भरते. या दोन खड्ड्यांच्या खर्चातील फरक संपूर्ण शेडच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. काळ्या जमिनीत माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. यास्तव तेथे खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा.

तीन बाजू बंद आणि एक बाजू कायम उघडी, ही रचना वाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट होय. उघड्या बाजूने शिरलेला वारा आतून छप्पर ढकलतो आणि वरून जाणारा वारा तेच छप्पर ओढतो. एक तर चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात किंवा मजबूत दरवाजा बसवावा.

जागा आणि माप

मोटारीसाठी १२ फूट × २० फूट जागा पुरते. ट्रॅक्टर व ट्रॉली एकत्र ठेवायची असल्यास १५ फूट × ३० फूट जागा धरावी आणि दरवाजाची उंची १० फुटांपेक्षा कमी नसावी. जुन्या झाडाखाली शेड बांधू नये. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात मंदिराजवळील पत्र्याच्या शेडवर मोठे झाड कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले, हे विसरता येणार नाही. विजेच्या तारांखालील जागाही टाळावी. शेडमध्ये दिवा असेल, तर सांगाड्यास अर्थिंग करून घेणे अत्यावश्यक आहे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील विषारी वायू वासावरून कळत नाही.

खरेदी करताना

दरपत्रक लेखी घ्यावे. त्यात पाइपाचा आकार व जाडी, पत्र्याची जाडी व त्यावरील जस्ताच्या थराचे वजन, खांबांची संख्या आणि पायाचे माप यांचा स्पष्ट उल्लेख असावा. केवळ चौरस फुटाचा दर पाहून दोन दरपत्रकांची तुलना होऊ शकत नाही. दोन इंची चौकोनी पाइप २ मिलिमीटर जाडीचा असेल, तर सहा मीटर लांबीचे वजन सुमारे १८ किलो भरते, जाडी १.२ मिलिमीटर असेल, तर ते ११ किलोच भरते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून माल उतरवून घेताना एखादा पाइप काट्यावर घालून पाहावा.

पत्रा रबरी वॉशर असलेल्या स्क्रूने पक्का करावा. कडांवर जोर अधिक येत असल्याने तेथे स्क्रू जवळजवळ असावेत. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून जातो. तेथे गंजरोधक रंग न दिल्यास गंज प्रथम तेथूनच धरतो. खारी हवा असलेल्या कोकण किनाऱ्यावर ही काळजी दुप्पट घ्यावी. रासायनिक खतांची पोती पत्र्याला लावून ठेवू नयेत.

परवानगी व ग्रामपंचायतीचे कार्य

शेड पत्र्याची व तात्पुरती आहे, म्हणून परवानगीची गरज नाही, असे गृहीत धरणे योग्य नव्हे. गावठाणातील बांधकामाचे नियमन महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ मध्ये सांगितले आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा. शेतजमिनीवर औजारे, शेतमाल, चारा किंवा गुरे यांच्यासाठी उभारलेल्या इमारतीचा विचार महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये वेगळा केलेला आहे. मात्र त्याच शेडमध्ये दुकान किंवा दुरुस्तीचा कारखाना सुरू केल्यास ती सवलत लागू होत नाही. याबाबत तलाठ्याकडे आधीच विचारणा करणे हिताचे ठरते.

अर्ज आल्यावर ग्रामपंचायतीने जागेच्या नकाशाबरोबर पायाचे माप व खांबांची संख्या विचारावी. शाळेच्या आवारात सायकलींसाठी शेड उभारताना मुख्याध्यापकांनीही हाच आग्रह धरावा आणि मोठ्या शेडचा आराखडा अभियंत्याकडून तपासून घ्यावा. दरवर्षी मे महिन्यापूर्वी स्क्रू, जोड व खांबांची बुडे यांची पाहणी केल्यास वळवाच्या पहिल्या वादळाची भीती बाळगावी लागणार नाही. जमिनीखालच्या काँक्रीटवर केलेला खर्च डोळ्यांना दिसत नाही. परंतु वाहन आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जीव सुरक्षित राखणारा खरा खर्च तोच होय.