दवाखान्याचा खर्च सरकार कुणाला देते?

आपल्या राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ साली तिला फुल्यांचे नाव दिले. आधी तीत मुख्यतः पिवळे आणि केशरी रेशनकार्डवाले होते. जुलै २०२४ पासून पांढरे कार्डवालेही आले.

वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार फुकट होतो. आजीला वाटले, माणशी ५ लाख! तसे नाही, सगळ्या घराचे मिळून ५ लाख. साध्या सर्दी-पडशाला यातून काही मिळत नाही. आजार ठरलेले, रुग्णालयेही ठरलेली. तिथे आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठायचे. तो रेशनकार्ड बघतो. आमच्या काकांचा पाय पोलिओने अधू आहे, पण घर वेगळे झाल्यापासून त्यांचे नाव कोणत्याच कार्डात नाही. आई म्हणते, आजारी पडायच्या आधीच नाव चढवा, मग धावाधाव कोण करणार? बाबा सोमवारी तहसिलीत जाणार आहेत.

या योजनेत पाय किती अधू, हे विचारत नाहीत. पण सरकारकडून कुबडी, तीनचाकी सायकल नाहीतर कानाचे यंत्र पाहिजे असेल तर दाखला लागतो. त्यावर निदान ४० टक्के अपंगत्व पाहिजे. ३९ चालत नाही. मला हे काही पटत नाही. १ टक्क्याने पाय बरा होतो का? काकांना ५० टक्के आहे म्हणून बरे.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. त्यात सिकलसेलसुद्धा आहे. तो आजार रक्तात असतो, वरून बघून कळत नाही. अशा घरच्या पालकांनीही सरकारी दवाखान्यात दाखल्याचे विचारावे.