गाठीतला विस्तव (आगीचा शेजार : लेखांक ९)

वणवा अडवणारी जाळरेषा कशी आखावी, तिची रुंदी किती ठेवावी आणि ती फेब्रुवारीच्या पंधरवड्याआधीच का जाळून घ्यावी, हे या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु काळाचौकीच्या एका वाचकांचे पत्र आले आणि त्या पत्राने माझी लेखणी कोकणातल्या डोंगरउतारावरून उचलून थेट आमच्या कॉटन ग्रीनच्या गोदामांपाशी आणून ठेवली. जाळरेषा पुढल्या आठवड्यात. तोवर वाचकांनी हा वचनभंग उदार मनाने पोटात घालावा.

पत्रातला प्रश्न साधा आहे. त्यांचे आजोबा १९४४ साली गोदीत हमाल होते, आणि त्या वर्षी गोदीत झालेल्या मोठ्या स्फोटानंतर पाण्याने चिंब भिजवलेल्या कापसाच्या गाठींतून कित्येक दिवसांनीही धूर निघत असे, असे ते सांगत. ‘पाण्यात बुडवलेली आग पुन्हा पेटते कशी? आजोबांची ही अतिशयोक्ती तर नव्हे?’ असे ते विचारतात. नव्हे. आजोबांनी पाहिले ते खरेच होते, आणि या लेखमालेतल्या वणव्याच्या प्रकरणात माझ्याकडून जी मोठी त्रुटी राहून गेली होती ती त्या एका प्रश्नाने उघडी पडली.

आधी थोडे आडवळण. कॉटन एक्स्चेंजची हिरवी इमारत पाहून ‘ग्रीन’ हा शब्द रंगावरून आला असावा, असे आमच्याकडे नव्याने राहायला येणारा प्रत्येक गृहस्थ मानतो. वस्तुतः तो हिरवळीचा, म्हणजे मोकळ्या मैदानाचा वाचक आहे. पूर्वी कोटातल्या मैदानावर कापसाच्या गाठींच्या राशी उघड्यावर पडत. १८४४ साली तो व्यवहार कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकात पोर्ट ट्रस्टने समुद्र हटवून काढलेल्या माझगाव-शिवडीच्या भरावावर आला. मैदान कोटात राहिले, नाव मात्र गाठींबरोबर प्रवास करीत इथवर येऊन पोहोचले. जो पदार्थ ठिणगीची वाट पाहत असतो, तो दाट वस्तीतून उचलून वस्तीच्या कडेला नेण्यात जे शहाणपण होते, ते आजच्या नगररचनाकारांना अवश्य ठाऊक असावे, एवढेच म्हणून पुढे जातो.

माझे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, एका गोदामात मुकादम होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी जात असे, तेव्हा पाहिलेले एक दृश्य अद्याप डोळ्यांपुढे आहे. गाठींच्या थप्पीतल्या एकीचा वास तात्यांना आवडला नव्हता. त्यांनी हाताएवढी लांब लोखंडी सळई मागवली, ती पट्ट्यांच्या मधल्या फटीतून गाठीच्या पोटात खुपसली, शंभर आकडे मोजेपर्यंत तशीच ठेवली आणि बाहेर काढून तिचे टोक आपल्या हाताच्या पालथ्या बाजूजवळ नेले. मग एकही शब्द न बोलता हमालांना खूण केली. आकडे लावून ती गाठ उघड्या अंगणात ओढली गेली, पट्ट्या तोडल्या गेल्या, दाबलेली रुई फुगून दुप्पट झाली, आणि मधोमध नारळाएवढा काळा ठिपका दिसला, ज्याच्या कडेने एक बारीक तांबडी रेघ हळूहळू सरकत होती. बाहेरून गाठ शुभ्र होती.

याचे कारण असे. ज्वाळेला भरपूर हवा लागते. धुमसण्याला मात्र रुईच्या तंतूंत आणि तंतूंच्या मध्ये अडकलेली थोडीशी हवा पुरते. जिनिंगमध्ये खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात सापडून उडालेली ठिणगी रुईबरोबर दाबली गेली, तर ती कित्येक दिवस गाठीच्या आत आपली वाट पोखरीत बसते. त्यातही गंमत अशी की कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा सूक्ष्म लेप असतो, त्यामुळे वरून ओतलेले पाणी अळवाच्या पानावरून ओघळावे तसे निघून जाते आणि आतला विस्तव कोरडाच राहतो. आमच्या आज्या रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवीत आणि पहाटे राख सारून फुंकर घालीत; राखेने निखारा विझत नाही, जपला जातो, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक होते. गाठ ही स्वतःच स्वतःची राख असते.

आता १४ एप्रिल १९४४ चा शुक्रवार पाहा. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके, कराचीस चढवलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी, शिवाय तेल, लाकूड आणि सोन्याच्या विटा. त्या विटांच्या कथा सर्वांनी ऐकल्या आहेत, म्हणून त्यांना येथे रजा. महत्त्वाची होती ती दुसऱ्या क्रमांकाच्या खणातली मांडणी : तळाशी गाठी आणि वरच्या मजल्यावर स्फोटके. दुपारी धूर दिसला. बंबवाल्यांनी ९०० टनांच्या आसपास पाणी त्या खणात ओतले. जहाजातले पाणी उकळू लागले, आणि त्याच पाण्यावर तरंगत जळता कापूस स्फोटकांच्या दिशेने वर उचलला गेला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो.

स्फोटाने पेटत्या गाठी आकाशात भिरकावल्या आणि त्या गोदीबाहेरच्या वस्तीवर पडल्या. वणव्याचा अभ्यास करणारे ज्या गोष्टीवर सर्वाधिक भर देतात ती हीच आहे : घर बहुधा अंगावर चालून आलेल्या ज्वाळेच्या भिंतीने पेटत नाही, वाऱ्याबरोबर पुढे उडत आलेल्या निखाऱ्याने पेटते, आणि तो निखारा पन्हळीत साठलेल्या सुक्या पाल्यात, पडवीत रचलेल्या सरपणात किंवा पेंढ्याच्या उडवीत आपले आसन शोधतो. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ढिगारा उपसायला आठ हजार माणसे सात महिने खपली. आजोबांनी धूर पाहिला तो या सात महिन्यांच्या आरंभीचा.

आणि येथे माझी त्रुटी. वणवा विझवून परतण्याविषयी मी तीन लेखांकांपूर्वी जे लिहिले, त्यात विझल्यानंतरच्या रात्रींविषयी अवाक्षर नव्हते. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या काजूच्या बागेत एका मार्चमध्ये वणवा शिरला. गावकऱ्यांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून तो संध्याकाळपर्यंत विझवला, सगळे दमून घरी गेले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याला बांधावरच्या एका जुन्या वठलेल्या खुंटातून पुन्हा आग निघाली. पहिल्या दिवशी जेवढे गेले नव्हते तेवढे त्या दुपारी गेले. खुंट म्हणजे डोंगरातली गाठच, हे मला तेव्हा सुचले नाही. तात्या असते तर सळई घेऊन फिरले असते.

तेव्हा वणव्यानंतर निदान तीन दिवस बागेच्या कडेने सकाळ-दुपार फिरावे. खुंट, शेणाचा जुना ढीग, वाळवीने पोखरलेले खोड, कुजत चाललेला पाचोळा यांच्यावर हाताची पालथी बाजू नुसती धरावी, टेकवू नये. ऊब लागली तर कुदळीने उकरावे, मग पाणी आणि माती एकत्र कालवून पुन्हा उकरावे. वरून बादली ओतून समाधान मानू नये. आणि जळलेला आंबा घाईने तोडू नये; साल भाजली तरी झाड पावसाळ्यानंतर फुटू शकते.

नुकसानभरपाईचे प्रकरणही त्याच दिवसांत उरकावयाचे असते. १९४४ साली सरकारने वटहुकूम काढून दावे घेतले, पण घरात काय काय होते हे सांगण्यासाठी लागतो तो कागद, आणि तो कागद बहुधा घराबरोबरच जळालेला असतो. म्हणून बागाइतदारांनी सातबाऱ्याच्या पीकपाहणीत कलमांची संख्या आगीच्या आधीच नोंदवून घ्यावी, झाडांची छायाचित्रे मुंबईच्या घरी ठेवावी, आणि जळाल्यावर साफसफाई करण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा करवून त्याची नक्कल मागून घ्यावी. साफ केलेल्या बागेचा पंचनामा कोणी करीत नाही.

ज्या वाचकांच्या घरी गोदीतल्या किंवा गोदामातल्या जुन्या माणसांकडून ऐकलेली अशी काही हकीकत असेल, त्यांनी ती अवश्य लिहून पाठवावी. पण जाळरेषा मात्र आता पुन्हा पुढे ढकलणार नाही.