मुलांची पुस्तके जन्मतात कशी?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या भागातील बैठकेत मुलांसाठी चित्रकलेचा एक छोटासा कार्यक्रम झाला. 'घरी ऐकलेल्या गोष्टीचे चित्र काढा', एवढेच मुलांना सांगितले होते. बहुतेकांनी टेलिव्हिजनवर पाहिलेली पात्रे काढली. त्यात त्यांचा दोष नाही. एका आठ वर्षांच्या मुलीने मात्र कागदभर पिवळा भोपळा काढला, त्यातून डोकावणारी म्हातारी काढली, आणि भोवती ऊसच ऊस. उसाआडून एक वाघ पाहत होता.

आम्ही तिला विचारले, "बाळ, आपल्या मॉरिशसमध्ये वाघ कुठून आला?"

ती क्रिओलमध्ये चटकन म्हणाली, "जहाजातून आला. आजी सांगते."

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर ते चित्र डोळ्यांपुढून जाईना. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत अडविणारा वाघ आणि भोपळ्यात बसून झालेली सुटका, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. या आजीने कोकणातील ती वाट इथे आणली आणि म्हातारीला वाक्वाहून शामारेलला धाडले. या रूपात ती गोष्ट कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ती फक्त एका आजीच्या तोंडी आहे, आणि त्या आजींचे वय आज ब्याऐंशी आहे.

मग आमच्या मनात आले, मुलांची जी पुस्तके जगभर गेली ती लिहिणाऱ्यांना आणि त्यांतील चित्रे काढणाऱ्यांना सुचली तरी कशी? त्यासाठी आम्ही थोडे वाचन केले. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आपला डोडो आणि ऑक्सफर्डची मुलगी

सुरुवात आपल्याच बेटाच्या पक्ष्यापासून करू. दिनांक ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डमधील गणिताचे एक अध्यापक चार्ल्स डॉजसन आपले मित्र रॉबिन्सन डकवर्थ यांच्यासह नदीत नाव वल्हवीत निघाले. नावेत लिडेल कुटुंबातील तीन बहिणी होत्या: लोरिना, अ‍ॅलिस आणि ईडिथ. वेळ जावा म्हणून डॉजसन यांनी एक गोष्ट रचून सांगितली. सशाच्या बिळात पडलेल्या मुलीची ती गोष्ट होती, आणि मुलीचे नाव नावेतल्याच अ‍ॅलिसचे होते. ही अ‍ॅलिस तेव्हा दहा वर्षांची होती. ही गोष्ट मला लिहून द्या, असा हट्ट तिने धरला. डॉजसन यांनी ती हाताने लिहिली, चित्रेही स्वतःच काढली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये ती वही तिला भेट दिली. पुढे १८६५ साली लुईस कॅरल या टोपणनावाने तिचे पुस्तक झाले. त्याची चित्रे जॉन टेनिएल यांनी काढली.

या पुस्तकात एक डोडो आहे. तो डोडो म्हणजे स्वतः डॉजसनच. ते बोलताना अडखळत, आणि आपले आडनाव सांगताना 'डो-डो-डॉजसन' असे होई म्हणून त्यांनी हे रूप घेतले, असे म्हणतात. बदक म्हणजे मित्र डकवर्थ, आणि दोन पक्षी म्हणजे अ‍ॅलिसच्या दोघी बहिणी. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात डोडोचे डोके, पाय आणि एक जुने रंगचित्र होते, आणि डॉजसन तेथे जात असत. सतराव्या शतकातच नामशेष झालेला आपला पक्षी असा एका मुलीच्या हट्टापायी पुन्हा हिंडू-बोलू लागला. टेनिएल यांनी तर त्याला पंखांखालून माणसाचे हात दिले आणि हाती काठीही दिली.

पुस्तक निघाले त्याच १८६५ साली आपल्याकडे माएबुरचे एक शाळामास्तर जॉर्ज क्लार्क यांना मार ओ सोंज या दलदलीत डोडोची हाडे सापडली. सोंज म्हणजे आपले अळू. तेव्हा हे अळवाचे तळेच म्हणायचे. क्लार्क यांनी मजुरांना चिखलात उतरविले, आणि त्या मजुरांनी अनवाणी पायांनी चाचपून हाडे शोधली. तिकडे डोडो कागदावर उभा राहत होता आणि इकडे मजुरांच्या तळपायांना त्याची हाडे लागत होती. मास्तरांचे नाव राहिले. चिखलात उतरलेल्यांनी त्या रात्री घरी आपल्या मुलांना काय सांगितले असेल, ते मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

आजारी मुलाला पाठविलेले पत्र

दुसरे उदाहरण बीअ‍ॅट्रिक्स पॉटर यांचे. त्या लिहीतही आणि चित्रेही काढीत. त्यांच्या पूर्वीच्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी पडून अंथरुणाला खिळला होता. त्याला पत्रातून काय कळवावे ते सुचेना, म्हणून ४ सप्टेंबर १८९३ रोजी त्यांनी चार लहान सशांची गोष्ट चित्रांसह लिहून पाठविली. त्यातला पीटर हा त्यांच्या स्वतःच्या पाळीव सशाच्या नावाचा होता. काही वर्षांनी त्यांनी ते पत्र नोएलकडून परत मागून घेतले. मुलाने ते जपून ठेवले होते. प्रकाशकांनी नकार दिल्यावर डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या. १९०२ साली एका प्रकाशकाने ते पुस्तक काढले आणि पीटर ससा घरोघरी गेला. नोएलने ते पत्र फेकून दिले असते तर?

कोकणची आई, नाशिकचा तुरुंग

आता आपल्या भाषेकडे येऊ. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातून आले. त्याच रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांचा जन्म झाला. १९१७ साली त्यांची आई वारली. शिक्षणासाठी दूर असल्यामुळे त्यांची आणि आईची अखेरची भेट झाली नाही. पुढे स्वातंत्र्यलढ्यात ते नाशिकच्या तुरुंगात असताना फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

पुस्तकाची रचनाही पाहण्यासारखी आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो. म्हणजे आपल्या भाषेतील मुलांचे सर्वांत लाडके पुस्तकसुद्धा माजघरातल्या सांगण्याच्या रीतीनेच चालते.

रामाची आई कोण?

अमर चित्र कथेची रंगीत पुस्तके आपल्या अनेक घरांत आली. त्यांचे जनक अनंत पै. १९६७ साली दिल्लीत टेलिव्हिजनवर मुलांची प्रश्नमंजूषा चालू असताना त्यांनी ती पाहिली. ग्रीक देवतांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे मुलांनी भराभर दिली, पण रामाच्या आईचे नाव काय, हे कोणालाच सांगता आले नाही. ती रुखरुख घेऊन त्यांनी ही माला उभी केली. तिच्यातील 'कृष्ण' हे पुस्तक पै यांनी लिहिले आणि त्याची चित्रे राम वाईरकर यांनी काढली.

माधुरी पुरंदरे यांनी याहून वेगळी वाट धरली. त्या चित्रकलाही शिकलेल्या, आणि पुण्यात त्यांनी फ्रेंच भाषा शिकविली, हे ऐकून आपल्या बेटावरील वाचकांना आपुलकी वाटेल. त्यांच्या 'राधाचं घर' या मालिकेत देव नाहीत, राक्षसही नाहीत. एका लहान मुलीला आपले आई, बाबा, आजी, आजोबा जसे दिसतात तसे त्यात आहेत. लिहिणे आणि चित्र काढणे एकाच हातचे. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

आमची चूक

ही सारी उदाहरणे वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. यांपैकी तिघांची पुस्तके समोरच्या एखाद्या मुलासाठी, नाहीतर आपल्या माणसाच्या आठवणीसाठी सुरू झाली. पै यांनासुद्धा टेलिव्हिजनवरच्या मुलांचे गप्प बसणेच लागले. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी वेळेवर लिहून ठेवले.

इथे आम्हाला आमची चूक कबूल केली पाहिजे. आमच्या एक मावशी गोष्टी सांगण्यात पटाईत होत्या. संध्याकाळी ओसरीवर त्या मराठी कोडी घालीत, आणि शेजारची क्रिओल मुले आली की 'सिरांदान?' म्हणून हाक देत. मुले 'सांपेक!' म्हणून ओरडत आणि कोड्यांचा खेळ रंगे. राजाच्या तळ्याकाठचे ससा आणि कासव त्यांच्या तोंडून मराठी बोलत. शार्ल बेसाक यांनी १८८८ सालीच या बेटाच्या क्रिओल कथा-कोडी पुस्तकात छापली, म्हणून ती आज वाचायला मिळतात. मावशींच्या गोष्टी कोणी छापल्या नाहीत. 'येत्या सुट्टीत टेप घेऊन येतो,' असे आम्ही त्यांना तीन वर्षे सांगत राहिलो. चौथ्या वर्षी आम्ही गेलो ते त्यांच्या तेराव्याला.

म्हणून या खेपेस आम्ही उशीर केला नाही. त्या चित्र काढणाऱ्या मुलीच्या घरी रविवारी वही घेऊन गेलो. आजी सांगत होत्या आणि आम्ही लिहीत होतो. मध्येच भोपळ्याला त्या 'जिरोमों' म्हणाल्या. आम्ही तसेच लिहिले. नात मांडीला टेकून बसली होती. मराठी तिला अर्धीच कळत होती, पण पुढे काय होणार हे सारे पाठ होते. शेवटी आम्ही विचारले, "आजी, वाघ खरेच जहाजातून आला का हो?"

त्या म्हणाल्या, "माझी आई असंच सांगायची. आपण सगळे जहाजातूनच आलो ना? मग त्याला कोण अडवणार?"

वाचकहो, आपल्या घरीही अशी एखादी आजी, आत्या किंवा काका असतील. एक साधी वही घ्या. देवनागरी लिहिता येत नसेल तर रोमन लिपीत लिहा. मधे क्रिओल शब्द आला तर तो तसाच ठेवा. कोणी सांगितली, कोणत्या गावी सांगितली आणि कोणत्या दिवशी लिहिली, हे वर नोंदवा. समोरचे पान कोरे ठेवून ते घरातल्या मुलाला चित्रासाठी द्या. पुस्तक होईल न होईल, तो पुढचा प्रश्न.

आमच्या वहीत सध्या एक गोष्ट आहे, आणि समोरच्या पानावर उसाआडून पाहणारा वाघ आहे. येत्या रविवारी दुसरी गोष्ट लिहायला जायचे ठरले आहे.