राउटर भंगारात देण्याआधी

अपडेट चालू असताना वीज गेली, की राउटर नुसते दिवे मिचकावत बसतो. आम्हा पूर्णेकरांना वीज जाणं नवं नाही. पण मुलांचा क्लास आणि सौदीहून येणारा अब्बांचा व्हिडिओ कॉल, दोन्ही अडतात. बिघडतं ते फर्मवेअर. त्याला जागं करणारा बूटलोडर वेगळ्या भागात असतो, बहुधा शाबूत राहतो. मोबाइलच्या नेटवरून कंपनीची फाइल उतरवा. मॉडेलच नव्हे, लेबलवरचं व्हर्जनही जुळवा, इथे घाई नको. कॉम्प्युटर लॅन केबलने जोडून त्यावर टीएफटीपी सर्व्हर चालू करा. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत कॉम्प्युटरला १९२.१६८.०.६६ हा पत्ता लागतो. फाइलला कंपनीने सांगितलेलंच नाव द्या. मग रिसेट दाबून धरत राउटर चालू करा. इन्व्हर्टर असेल तर त्यावरच.