वृद्धाश्रमाची पारख

वृद्धाश्रम निवडताना पहिला प्रश्न संस्थेचा नसतो, त्या माणसाच्या प्रकृतीचा असतो. स्वतःच्या हाताने जेवणारी, काठी टेकत फिरणारी आजी आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा यांची गरज एकाच ठिकाणी भागेल असे नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या एखाद्या घरात मुले पुण्या-मुंबईला नोकरीला असतात, मागे राहिलेल्या आईला हल्ली माणसांची ओळख पटेनाशी होते. मग यवतमाळ, अमरावती, वर्धा, नागपूर अशी चौकशी सुरू होते. या चौकशीत दोन वेगळ्या प्रकारच्या संस्था एकाच मापाने मोजल्या जातात आणि फसगत होते.

पहिला प्रकार निराधारांसाठी चालणाऱ्या आश्रमांचा. याच जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या उमरी पठार येथे संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. राज्य सरकारने १९९५ च्या सुमारास मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातही प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल अशा आश्रमाची कल्पना आहे. अशा बहुतेक आश्रमांची व्यवस्था चालत्या-फिरत्या माणसांसाठी असते. दुसरा प्रकार पैसे घेऊन शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांचा. ती बहुतेक शहरांत आहेत. नळीने अन्न, लघवीची पिशवी, डायपर, स्मृतिभ्रंश हे सारे सांभाळण्याचा दावा तीच करतात.

दाव्याची शहानिशा करायला इथे सरकारी मोजपट्टी नाही. अमेरिकेत २००८ पासून तपासणीचे निष्कर्ष, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांची स्थिती पाहून प्रत्येक नर्सिंग होमला १ ते ५ तारे दिले जातात आणि ते कुणालाही पाहता येतात. इंग्लंडमध्ये तपासणी आयोग चार श्रेणी देतो. महाराष्ट्रात वृद्धाश्रमांची अशी जाहीर श्रेणी नाही. धर्मादाय आयुक्तांकडे झालेली नोंदणी न्यास अस्तित्वात असल्याचे आणि त्याला हिशेब द्यावा लागत असल्याचे सांगते. रात्री दोन वाजता कूस कोण बदलते, हे ती सांगत नाही.

खरा फरक त्या रात्रीच्या वेळीच पडतो. दिवसा कार्यालयात माणसे असतात, पाहुण्यांसाठी चहा येतो. म्हणून रात्रपाळीला किती मावश्या, त्या किती जणांना बघतात, त्यांच्यात प्रशिक्षित परिचारिका कोण, हे आकड्यांत विचारावे. उत्तर गुळमुळीत आले, तर तेच उत्तर समजावे. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर माकडहाड, टाचा आणि खुब्यावर दाबाचे व्रण होतात. असे व्रण हा शुश्रूषेतल्या हयगयीचा सर्वांत बोलका पुरावा आहे. आत्ता किती जणांना व्रण आहेत आणि ते इथे झाले की येतानाच होते, हे थेट विचारावे. औषधांची वही, महिन्याच्या वजनाची नोंद आणि पडझडीची नोंद दाखवायला चांगल्या संस्थेला संकोच वाटत नाही. वजन सतत घटत असेल, तर घास भरवायला माणूस नाही असा संशय घ्यावा.

विदर्भात उन्हाळ्याची चौकशी वेगळी करावी लागते. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि म्हाताऱ्या माणसाची तहान मंदावलेली असते. वीज गेल्यावर कूलर कशावर चालतो, पाणी ठरावीक वेळी हातात दिले जाते का, हे जानेवारीत भेट दिली तरी विचारलेच पाहिजे.

प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार, गाडी कुणाची, निर्णय कोण घेणार आणि खर्च कुणाचा, हे करारात लिहून घ्यावे. मासिक शुल्कात डायपर, औषधे आणि फिजिओथेरपी धरली आहे का, अनामत रक्कम कधी परत मिळते, हेही तिथेच यावे. नुसत्या दराची तुलना निरुपयोगी ठरते, कारण स्वस्त वाटणाऱ्या ठिकाणी वरखर्चाची बिले जड होतात.

अंतराला मात्र बहुतेक घरे कमी लेखतात. नागपूरच्या देखण्या केंद्रापेक्षा यवतमाळचे साधे पण नेटके ठिकाण बाभुळगावकरांना अनेकदा अधिक उपयोगी पडते, कारण तिथे पुतण्या किंवा शेजारी बाजारच्या दिवशीही डोकावू शकतो. न सांगता आलेला पाहुणा हीच इथली तपासणी. भेटीला ठरावीक वेळच असेल, आतल्या खोल्या दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर ते ठिकाण सोडावे. आधी महिनाभर ठेवून पाहावे. ज्याला तिथे राहायचे आहे, त्याचे मन शक्य तितके विचारात घ्यावे. त्याला न सांगता नेऊन सोडणे ही क्रूरताच आहे.

मुले खर्च उचलत नसतील, तर २००७ च्या कायद्यानुसार आई-वडिलांना उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. शेत मुलांच्या नावे करताना सांभाळाची अट लेखी असेल आणि ती मोडली गेली, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. आश्रमात हेळसांड किंवा मारझोड दिसल्यास ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर मदत मागता येते, आणि गंभीर प्रकार असेल तर पोलिसांत तक्रार द्यावी.