गोबरगॅसची मळी आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू

केंद्र शासनाने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प हाती घेतला आणि गोबरगॅस संयंत्रांचा खेडोपाडी प्रसार झाला. २०१८ मध्ये ‘गोबरधन’ योजनेची त्यास जोड मिळाली. संयंत्रातून इंधन तर मिळतेच, शिवाय बाहेर पडणारी मळी हे उत्तम खत होय. शेणातील बहुतेक नत्र तिच्यात टिकून राहते. मात्र मळीबरोबर शेतात आणखी काय जाते, हे पाहणेही आता अगत्याचे झाले आहे.

कासदाहासारख्या रोगांवर जनावरांना प्रतिजैविके दिली जातात. अनेक प्रतिजैविकांचा बराचसा अंश शेण व मूत्रावाटे बाहेर पडतो. आतड्यातील जे जिवाणू औषधाला दाद देत नाहीत, ते तगतात आणि वाढतात. हा प्रतिरोधाचा गुण ते जनुकांवाटे दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. म्हणूनच स्वतः रोग न करणारा जिवाणूही सर्वस्वी निरुपद्रवी मानता येत नाही.

संयंत्रात हे जिवाणू मरत नाहीत काय? पुष्कळसे मरतात, पण सगळे नव्हेत. आपल्याकडील साधी संयंत्रे भोवतालच्या तापमानावर चालतात. हवामानानुसार शेण त्यांत ३० ते ५५ दिवस राहते. सुमारे ५५ अंश सेल्सिअसला चालणाऱ्या संयंत्रांत जंतुनाश अधिक होतो. तरीही बीजाणू धारण करणारे जिवाणू टिकू शकतात.

पारख कशी होते?

प्रयोगशाळेत मळीतील जिवाणू वेगळे करून आगराच्या थरावर पसरतात. त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवून बशी सुमारे ३५ अंशांवर रात्रभर ठेवतात. औषध प्रभावी असेल, तर चकतीभोवती जिवाणूविरहित वर्तुळ उमटते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून प्रमाणित तक्त्याशी ताडतात. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही बावर-कर्बी पद्धती आजही प्रचलित आहे.

केवळ मळी तपासून भागत नाही. संयंत्रात जाणारे शेण आणि बाहेर येणारी मळी, दोहोंचे नमुने हवेत. जिवाणूंची एकूण संख्या घटली, तरी उरलेल्यांत प्रतिरोधी जिवाणूंचे प्रमाण तेवढेच राहू शकते, किंबहुना वाढूही शकते.

गावाने काय करावे?

जनावरांना प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिनच्या पशुपालनातील वापरावर केंद्र शासनाने २०१९ मध्ये बंदी घातली आहे. औषधोपचार चालू असलेल्या जनावराचे टाकाऊ दूध संयंत्रात ओतू नये. मळीत पालापाचोळा मिसळून तिचे कंपोस्ट करावे. ढिगाची उष्णता ५५ अंशांपर्यंत चढून काही दिवस टिकली व ढीग वेळोवेळी उलथला, तर जंतू आणखी घटतात. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांवर ताजी मळी टाकू नये. पेरणीपूर्वी बऱ्याच आधी ती जमिनीत मिसळावी. मळीचा खड्डा विहिरीपासून दूर असावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

मळीचे खतमूल्य निर्विवाद आहे. ही दक्षता घेतल्यास शेताला लाभलेले खत गावाच्या दवाखान्यातील औषधे निष्प्रभ करण्यास कारण ठरणार नाही.