झाकलेले शस्त्र

आमच्या ग्वाल्हेरात शस्त्राचे नवल कोणाला फारसे वाटत नाही. लग्नसराईत कुठल्याही वरातीत डोकावा, दोन-चार खांद्यांवर बंदुका दिसायच्याच. भिंड-मुरैन्याकडचा पाहुणा आपल्या शेतीची आणि म्हशींची चौकशी झाली की परवान्याच्या बंदुकीकडे वळतो. दिसणाऱ्या शस्त्राची ही हौस जुनी आहे, आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज लिहायचे आहे ते न दिसणाऱ्या शस्त्राविषयी. रोज घराबाहेर पडताना जे कमरेला लावायचे आणि कपड्याखाली झाकायचे, ते कसे निवडावे, हा प्रश्न अलीकडे आमच्या शहरातल्या साध्या पांढरपेशा माणसालाही पडू लागला आहे.

गाणे शिकवणाऱ्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आमच्या शेजारी सराफीचा धंदा करणारे एक वयस्क गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही म्हणतो. रात्री दुकान बंद करून माल आणि रोकड घेऊन त्यांना घरी यावे लागते. गेल्या वर्षी त्यांना पिस्तुल-रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. “मास्तर, तुमचे कान तयार आहेत, डोकेही थंड आहे, खरेदीला बरोबर चला,” असे म्हणून त्यांनी मला दुकानात नेले. नानांचा नातू माझ्याकडे गाणे शिकतो. तेव्हा त्या घरात काय येणार आहे, याच्याशी माझाही थोडा संबंध होता.

झाकून शस्त्र बाळगणे आपल्याला परके नाही. हातातल्या काठीत पाते दडवलेली गुप्ती, मुठीत लपणारा बिचवा, बोटांत बसणारी वाघनखे ही सारी त्याच जातीची. वाघनखे म्हटले की प्रतापगड आणि १० नोव्हेंबर १६५९ हा दिवस मराठी मुलाला आठवतोच. माझे वडील विशीच्या आत दरबारच्या गवयांत रुजू झाले होते. ते सांगत की बैठकीला येणारे मानकरी तलवार बाहेर सेवकाच्या हाती देत, पण कमरेची कट्यार तशीच ठेवीत. तलवार मानाची आणि कट्यार कामाची, असा त्यांचा हिशेब होता.

बंदुकीच्या जातीत हे काम पिस्तुलाने उचलले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर नावाच्या कारागिराने तळहातात मावणारी एकबारी पिस्तुले बनवली. १४ एप्रिल १८६५ रोजी नाट्यगृहात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती अशाच पिस्तुलातून. एकच गोळी, पण कोटात मावणारी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जॉन ब्राउनिंग याने चपटे, आपोआप भरणारे पिस्तूल आणि त्यासाठी .३२ बोरचे लहान काडतूस तयार केले, आणि खिशात बाळगण्याची सोय खरी झाली. या सोयीची दुसरी बाजू आमच्या शहराने फार जवळून पाहिली आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर ज्या पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या गेल्या, ते इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरात मिळवलेले होते. लाल किल्ल्यातल्या खटल्यात ते उघड झाले. झाकलेल्या शस्त्राची चर्चा ग्वाल्हेरकराने करायची, तर ही गोष्ट बाजूला ठेवून करता येत नाही.

आता कायद्याकडे येऊ. इंग्रजांचा १८७८ चा शस्त्रकायदा जाऊन १९५९ चा कायदा आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाने ठेवायच्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. पण नानांना आणि मलाही खरे आश्चर्य वाटले ते २०१६ च्या नियमांचे. सार्वजनिक जागी हातबंदूक न्यायची तर ती तिच्यासाठी बनवलेल्या आणि अंगाला जोडलेल्या म्यानात, म्हणजे होल्स्टरात, किंवा तशाच बंद पिशवीत असली पाहिजे, ती पूर्ण झाकलेली असली पाहिजे, आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर ताबा असला पाहिजे, असे ते नियम सांगतात. म्हणजे आमच्याकडे कमरेला पिस्तूल लटकवून चौकात मिरवण्याची जी हौस आहे, ती मुळात नियमाबाहेरची आहे. झाकणे ही चोरी नसून शिस्त आहे.

अमेरिकेत या निवडीचा मोठा बाजार आहे. तिथे आज निम्म्याहून अधिक राज्यांत वेगळा परवाना न घेताही प्रौढ नागरिक झाकलेले पिस्तूल बाळगू शकतो, आणि २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला. तिथला ग्राहक बहुधा ९ मिलिमीटरचे पिस्तूल पाहतो. १९५० पासून चालत आलेले स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर आहे, पंधरा गोळ्यांचे ग्लॉक १९ आहे, आणि २०१८ साली आलेले सिग सावरचे पी ३६५ आहे. अर्ध्या किलोच्या त्या लहान पिस्तुलात दहा गोळ्या बसल्या आणि सारा बाजार तिकडे वळला. लहान, तरी जास्त गोळ्यांचे, ही तिथली सारी चढाओढ.

आपल्याकडे ही चढाओढ कायद्यानेच आटोपती घेतली आहे. फौज-पोलिसांची ९ मिलिमीटरची किंवा .३८ बोरची हत्यारे साध्या परवान्यावर मिळत नाहीत. सामान्य माणसाला उरतो तो बहुतेक .३२ बोर. त्यात सरकारी आयुध कारखान्यांचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर, ‘अशनी’ नावाचे पिस्तूल, आणि २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून काढलेले, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे ‘निर्भीक’ ही प्रमुख. विलायती जुना माल हातोहात फिरतो, पण त्याच्या किमती ऐकल्या तर जुना तानपुरा स्वस्त वाटावा.

दुकानदार जाणता होता. त्याने आधी बोर सांगितला नाही, किंमत सांगितली नाही. रिकामे केलेले, उघडून दाखवलेले रिव्हॉल्व्हर नानांच्या हाती दिले आणि म्हणाला, “आधी धरून पाहा.” मला ते फार आवडले. वाद्य घ्यायला आलेल्या मुलाला मीही तेच सांगतो. मुठीत तळहात पुरता बसतो का, करंगळी लोंबकळत राहते का, तर्जनीचे पेर चापावर नीट पोचते का, हे आधी पाहायचे. लहान हत्यार झाकायला सोपे, पण धरायला अवघड. आणि ते हलके असेल तर गोळी सुटताना त्याचा धक्काही हाताला अधिक बसतो. म्हणून सर्वांत लहान ते सर्वांत उत्तम, हा समज प्रथम सोडावा लागतो.

मग चाप. रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे न ओढता नुसता चाप दाबून पाहिला तर तो जड लागतो. तेवढ्या प्रवासात कापऱ्या हाताचा नेम हलतो. नानांचे वय सदुसष्ट. त्यांनी दहा वेळा दाबून पाहिला आणि अकराव्या वेळी बोट थरथरले. पिस्तुलाचा चाप त्या मानाने हलका, बांधा चपटा, सदऱ्याखाली फुगवटा कमी. पण त्यात एक खोच आहे. मॅगझिन काढून घेतले तरी नळीच्या मागच्या टोकाशी चढलेले एक काडतूस आतच राहते. ‘रिकामे आहे’ म्हणून हाताळलेल्या पिस्तुलाने जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या कित्येकांचे कारण हेच असते. रिव्हॉल्व्हरचे तसे नाही. चक्र बाहेर काढले की सहाही घरे डोळ्यांना दिसतात. शिवाय एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप दाबायचा, पुढचे घर समोर येते. पिस्तुलात मात्र फुसके काडतूस हाताने बाहेर काढण्याची सवय असावी लागते.

तिसरी गोष्ट कपड्यांची. अमेरिकन माणूस पट्ट्याच्या आत होल्स्टर लावतो आणि वर जाकीट घालतो. आमच्या गावी जानेवारीत कोट असतो, पण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मलमलीचा सदरा अंगावर सहन होत नाही. पातळ सदऱ्याखाली पाऊण किलो लोखंड झाकायचे कसे? लेंग्याच्या नाडीला ते पेलत नाही; रुंद, ताठ चामड्याचा पट्टा लागतो. घामाने लोखंड गंजते, म्हणून रोज पुसावे लागते. आणि होल्स्टर असे हवे की चाप पुरता झाकला जाईल. नुसते खिशात किंवा पिशवीत किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकलेले शस्त्र शत्रूआधी मालकालाच धोक्याचे. हे सारे ऐकून नाना म्हणाले, “मास्तर, हत्यार घ्यायला आलो आणि पट्टा, सदरा, सारेच बदलायची वेळ आली!” मी म्हटले, “नाना, रोज बाळगायचे ते रोज पेलले पाहिजे ना? नाहीतर चार दिवस लावाल आणि पाचव्या दिवशी कपाटात ठेवाल.”

कपाटाचा शब्द निघाला आणि मला नातू आठवला. शस्त्र कमरेला असते तेव्हा त्यावर निदान मालकाचे लक्ष असते. रात्री ते काढून ठेवतो तेव्हा खरा प्रश्न सुरू होतो. उशीखाली, देवघराच्या फळीवर, धान्याच्या डब्यात ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि घरातल्या पोरांना घरातली प्रत्येक जागा ठाऊक असते. पोरांचेच कशाला, मोठ्यांचेही मन सदा एकसारखे नसते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. चोरासाठी आणलेले शस्त्र घरातल्याच उदास माणसाच्या हाताशी सापडते, हा त्या आकड्यांचा अर्थ. तेव्हा शस्त्राच्या किमतीत लोखंडी कुलुपी पेटीची किंमत धरलीच पाहिजे, आणि काडतुसे निराळ्या कुलपात.

आता राहिला रियाज. नव्या नियमांनुसार परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचे शिक्षण घ्यावे लागते. नानांनी ते घेतले होते, पण एका शिक्षणाने हात तयार होत नाही, हे मला कोणी सांगायला नको. सदरा बाजूला सारणे, मूठ पकडणे, तर्जनी चापाबाहेर सरळ ठेवणे, नळी कोणाकडेही न रोखणे, ही हालचाल रिकाम्या शस्त्राने रोज दहा मिनिटे केली तर वर्षाने अंगी भिनेल. काडतुसे परवान्यात ठरवून दिलेली असतात, त्यामुळे मनसोक्त गोळ्या झाडून शिकणे नाही. म्हणून रिकाम्या हाताचा रियाजच मोठा. सराफ्याची गल्ली अरुंद आहे. चुकलेली गोळी समोरच्या दुकानात, वरच्या खिडकीत, कुणाच्या तरी अंगात जाऊन थांबते. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो गरजेपुरता. तो हक्क पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालण्याचा नव्हे.

आणखी एक गोष्ट दुकानदार हलक्या आवाजात बोलला. ज्या दिवशी शस्त्र कमरेला, त्या दिवशी पेल्याला हात नाही, भांडणात शब्दाला शब्द नाही, आणि वरातीत कोणी “होऊन जाऊ द्या एक” म्हटले तरी हसून पुढे जायचे. आनंदाच्या भरात हवेत झाडलेल्या गोळीने कोणाच्या जिवाला धोका झाला, तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण शिक्षेआधीही विचार करावा. आमच्या भागात लग्नघराचे सूतक कसे होते, हे ठाऊक नसलेले घर विरळा.

शेवटी नानांनी काय घेतले? त्यांनी सहा गोळ्यांचे साधे रिव्हॉल्व्हर घेतले. जड असले तरी डोळ्यांना सहाही घरे दिसतात, म्हणून. बोट थरथरते यावर उपाय म्हणून सकाळी देवपूजेनंतर रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा सराव सुरू केला. पेटी भिंतीत बसवली, आणि किल्ली जानव्याला बांधली. त्याहूनही मला पटलेली गोष्ट अशी की त्यांनी दुकान अर्धा तास आधी बंद करून दोन शेजारी दुकानदारांच्या सोबतीने घरी यायला सुरुवात केली. “नाना, मग रिव्हॉल्व्हर कशाला?” असे मी थट्टेने विचारले. ते म्हणाले, “मास्तर, सोबत चुकली तर. पण सोबत असेपर्यंत ते बाहेर येऊ नये, एवढीच प्रार्थना.”

झाकलेल्या शस्त्राची निवड म्हणतात ती हीच, असे मला वाटते. बोर, वजन, गोळ्यांची संख्या ही चर्चा दुकानात तासाभरात संपते. आपला हात, आपला कपडा, आपले घर, आपला राग यांना रोज जाणून वागण्याचे काम मात्र परवाना असेपर्यंत चालू राहते. ज्याला ते पेलणार नसेल त्याने गुप्तीही घेऊ नये. ज्याला पेलेल त्याने घ्यावे, झाकून ठेवावे, आणि ते आपल्याजवळ आहे हे गल्लीत कोणाला कळू देऊ नये.